धूमनेत्र, खर्रा आणि वाफेची नळी

रुग्णपत्रिकेतील 'व्यसन' या सदरापुढे आपण बहुतेक वैद्य एक-दोन शब्द लिहितो. तंबाखू, खर्रा, विडी. फार तर दिवसाकाठची संख्या. या नोंदीत एक महत्त्वाचा प्रश्न राहून जातो. रुग्णाने सुरुवात कशाने केली, मध्ये काय काय बदलले, आणि आज त्याच्या खिशात नेमके काय आहे? व्यसनाचे द्रव्य तेच राहते, परंतु ते शरीरात पोहोचविण्याचे साधन अनुभवागणिक बदलत जाते. हा बदल म्हणजे रुग्णाच्या आवडीनिवडीचा किरकोळ तपशील नसून व्याधीच्या वाटचालीची खूण आहे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात या मताची कारणमीमांसा करून व्यवसायबंधूंपुढे काही सूचना ठेवण्याचा हेतू आहे.

हा विषय आताच मांडण्याचे कारणही सांगावयास हवे. नागपूर, पुणे येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेली आमच्या पारशिवनी तालुक्यातील मुले सुट्टीत परत येतात, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या खिशात विजेवर चालणारी, सुगंधी वाफ देणारी नळी असते. कायद्याने तिला बंदी आहे, तरीही ती येते. दुसरीकडे 'निकोटीनविरहित', 'वनौषधीयुक्त' अशी विशेषणे लावून तशाच नळ्यांचा प्रचार होतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ चरकाचार्यांच्या धूमपानाचा दाखला दिला जातो. हा दाखला कितपत योग्य आहे, याचे उत्तर देणे हे आपलेच काम आहे.

खर्ऱ्याची पायरी

वाफेच्या नळीकडे वळण्यापूर्वी आपल्या अंगणातील खर्रा पाहू. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन घोटलेले हे मिश्रण विदर्भात गावोगावच्या पानठेल्यावर मिळते. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर व पानमसाल्यावर बंदी आली आणि २०१३ पासून सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही बंदीच्या कक्षेत आले. तथापि खर्रा घोटण्यास कारखाना लागत नाही. पन्नी, दोन तळहात आणि तीन पदार्थ एवढे पुरते. त्यामुळे कारखान्यातील माल अडविणारी बंदी घोटणाऱ्या हातापर्यंत फारशी पोहोचली नाही.

आमच्याकडे येणाऱ्या खर्रा-सेवकांचा पूर्वेतिहास विचारला असता एक ठरावीक क्रम पुन:पुन्हा दिसतो. सुरुवात बहुधा गोड सुपारीने, शाळेच्या वयात. त्यानंतर मित्राच्या पुडीतील चिमूटभर खर्रा. या अवस्थेत सेवकाला चव हवी असते. तंबाखू कमी, सुपारी जास्त, तीही बारीक. वर्ष-दोन वर्षांत मागणी बदलते. तंबाखूचा प्रकार ठरतो, चुन्याचे प्रमाण ठरते, घोटणारा ठरतो. अमक्याच ठेल्यावरचा खर्रा 'लागतो', दुसऱ्याचा नाही. पुढच्या पायरीवर चवीचा विषयच संपतो. आता 'किक' किती बसते आणि गोळी गालात किती वेळ टिकते एवढेच महत्त्वाचे उरते. शेवटी ठेला बंद असला तरी अडू नये म्हणून तंबाखू, सुपारी व चुन्याची डबी घरीच येते. प्रथम चव, मग तीव्रता, मग स्वावलंबन, असा हा प्रवास आहे.

साधनाच्या निवडीत परिसराचाही वाटा असतो. भूमिगत कोळसा खाणीत काडेपेटी व विडी नेण्यास सुरक्षिततेसाठी मनाई असते. तेथे गालात धरावयाचे व्यसन सोयीचे ठरते. आमच्या तालुक्यातील कन्हान परिसर कोळसा खाणींचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. जंगलाकडच्या गावांत तेंदूपत्त्यामुळे विडी हाताशी होती. तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांत धूमपान करणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये ६.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ३.८ टक्के झाले. धूररहित तंबाखूचे प्रमाण मात्र २७.६ वरून २४.४ टक्क्यांवरच आले. धूर जेवढ्या वेगाने मागे सरला, तेवढ्या वेगाने पुडी मागे सरली नाही.

वाफेची पायरी

विजेवर चालणारी सिगारेट चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने २००३ च्या सुमारास तयार केली. बॅटरी, तापणारी तार आणि ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेले निकोटीनयुक्त सुगंधी द्रव, ही तिची मूळ रचना. ज्या देशांत ही साधने उघडपणे विकली गेली, तेथे त्यांच्या वापरकर्त्यांची वाटचाल आपल्या खर्रा-सेवकांशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

नवखा मनुष्य प्रथम सिगारेटसारखी दिसणारी नळी घेतो, कारण हाताला व ओठांना तीच सवय असते. काही आठवड्यांत ती त्याला अपुरी वाटू लागते. मग पुन:पुन्हा भरता येणारी, मोठ्या बॅटरीची लेखणीसारखी नळी येते. त्यानंतर विद्युतशक्ती कमी-जास्त करता येणारी पेटी येते. पुढे काही जण तार स्वत: गुंडाळू लागतात, कापूस स्वत: भरतात, द्रवही स्वत: मिसळतात. चव, तीव्रता आणि स्वावलंबन ही तीच साखळी येथेही दिसते. घरी चुन्याची डबी ठेवणारा आमचा शेतकरी आणि टेबलावर तारेचे वेटोळे करणारा परदेशी तरुण हे एकाच पायरीवर उभे आहेत.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. अनुभवी वापरकर्ता पुष्कळदा अभिमानाने सांगतो की, पूर्वी १२ मिलिग्रॅमचे द्रव लागत असे, आता ३ मिलिग्रॅमवर आलो. ऐकणाऱ्याला ही प्रगती वाटते. परंतु हा आकडा एक मिलिलिटर द्रवातील निकोटीनचा असतो. साधन मोठे झाले की वाफ वाढते आणि द्रवही अधिक खर्च होते. दिवसाला १२ मिलिग्रॅमचे २ मिलिलिटर संपविले काय किंवा ३ मिलिग्रॅमचे ८ मिलिलिटर संपविले काय, नळीतून गेलेले निकोटीन २४ मिलिग्रॅमच. शिवाय तार फार तापली की द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात. साधन तेच असले, तरी सरावलेला मनुष्य नवख्यापेक्षा दीर्घ झुरका घेतो आणि त्याच्या रक्तात निकोटीनही अधिक उतरते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे यंत्राबरोबर यंत्र वापरणारे शरीरही 'तयार' होत असते.

पुढे बाजाराने या पायऱ्याच मोडून टाकल्या. २०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' नावाची लहानशी नळी आली. तिच्यात बेन्झोइक आम्लाच्या साहाय्याने निकोटीनचे लवण केलेले होते. त्यामुळे तीव्र मात्राही घशाला बोचत नाही. युरोपीय संघाने द्रवातील निकोटीनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ठरविली असता अमेरिकेतील या नळीत ती जवळजवळ तिप्पट होती. खर्ऱ्यात चुना जे कार्य करतो, त्याची ही उलटी बाजू आहे. चुन्याच्या अल्कधर्मामुळे निकोटीन मोकळे होऊन गालाच्या श्लेष्मल त्वचेतून त्वरित शोषले जाते. तिकडे आम्लामुळे ते सौम्य भासून फुप्फुसापर्यंत विनासायास पोहोचते. दोन्हीकडे युक्ती एकच : शरीराचा नैसर्गिक विरोध शांत करणे. नवख्याला खोकला येतो, ठसका लागतो, भोवळ येते. हे शरीराचे 'नको' म्हणणे असते. खर्रा शिकताना मुलाला हे 'नको' पचवावयास महिने लागत. वापरून फेकावयाच्या गोड वाफेच्या नळीत ते पहिल्याच दिवशी ऐकू येत नाही. पूर्वी ज्या तीव्रतेपर्यंत चढावयास वर्षे लागत, तेथूनच आजच्या मुलाची सुरुवात होते. आमच्या चिंतेचे मुख्य कारण हे आहे.

ओकसात्म्याचा विचार

आपल्या शास्त्रात या प्रक्रियेला नाव आहे. जे मुळात अहितकर, परंतु सततच्या अभ्यासाने शरीराला सवयीचे झालेले, ते ओकसात्म्य. रसविमान अध्यायात चरकाचार्यांनी क्षार व लवण यांच्या अतिसेवनाचे दुष्परिणाम सांगताना काही प्रदेशांतील लोक दुधाबरोबरही लवण खातात असा उल्लेख केला आहे आणि अशा लोकांनी त्या सात्म्यापासून क्रमाक्रमाने दूर व्हावे, असा सल्ला दिला आहे. प्रदेशाच्या सवयीचे इतके स्पष्ट निदान करणाऱ्या परंपरेला नागपूर जिल्ह्यातील खर्रा समजणे अवघड जाऊ नये.

ओकसात्म्याचे वैशिष्ट्य असे की, रुग्णाला ते त्रासदायक वाटत नाही. उलट, ठसका थांबला, भोवळ थांबली, याचा अर्थ 'मला आता सोसते' असा तो घेतो. वस्तुत: सोसण्याची ही शक्तीच त्याला पुढच्या साधनाकडे नेते. म्हणून "डॉक्टरसाहेब, मी आता विडी सोडून ही वाफेची घेतो" किंवा "आता साधा खर्रा खात नाही, चांगल्या सुपारीचा खातो" असे कोणी म्हणाले, तर त्याचे अभिनंदन करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. एकूण मात्रा कमी झाली की वाढली? आणि दोन सेवनांमधील काळ लांबला की आखूडला?

धूमनेत्राचा दाखला

आता वनौषधीयुक्त वाफेच्या प्रश्नाकडे येऊ. मात्राशितीय अध्यायातील धूमपान आणि आजची वाफेची नळी यांत साम्य काय? नळी आहे, औषधी आहे, मुखाने ओढणे आहे. साम्य येथे संपते.

धूमनेत्राची लांबी रुग्णाच्या स्वत:च्या अंगुलीने मोजावयाची असते. चरकमते वैरेचनिक धूमासाठी २४, स्नैहिकासाठी ३२ आणि प्रायोगिकासाठी ३६ अंगुले. कासघ्न धूमासाठी सुश्रुताचार्यांनी १६ अंगुलांचे नेत्र सांगितले आहे. नेत्र सरळ, तीन पर्वांचे, आणि अग्राचे छिद्र बोराच्या बीच्या मापाचे. एवढी लांबी कशासाठी? त्याचे कारणही आचार्यांनी दिले आहे. दुरून येणारा, पर्वांमध्ये खंडित होणारा आणि नळीतून विरळ झालेला धूम इंद्रियांना पीडा देत नाही. नित्य सेवनाचा प्रायोगिक धूम असेल तेथे नळी सर्वांत लांब आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. ज्याचा उपयोग वरचेवर, तो अधिक सौम्य करून द्यावयाचा, ही त्यामागील दृष्टी. आजच्या साधनांची उत्क्रांती नेमकी उलट दिशेने झाली आहे. वापर जितका वाढतो, तितकी तार अधिक तापते, वाफ अधिक दाट होते आणि मात्रा अधिक खोल जाते.

दुसरा भेद निर्णयाचा. धूमनेत्र कोणते, द्रव्य कोणते, काळ कोणता, हे दोषावस्था पाहून वैद्य ठरवितो. प्रायोगिक धूमाचे आठ काळ सांगितले आहेत आणि ते स्नान, भोजन, नस्य, अंजन, निद्रा इत्यादींशी बांधलेले आहेत. मन उदास झाले, मित्र भेटला किंवा हात रिकामा राहिला, हे त्यांत नाही. रक्तपित्त, तिमिर, प्रमेह, मदात्यय, जागरण, तृष्णा, शिरोभिघात, गर्भावस्था अशी निषेधांची मोठी यादी आहे. अकाली वा अतिमात्र धूमपानाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त आणि भ्रम होतो, असा इशारा आहे. वाग्भटाचार्यांनी तर अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ज्या वयाची मुले आज फळांच्या वासाची नळी ओढतात, ते वय आपल्या ग्रंथकारांनी कितीतरी शतकांपूर्वी वगळले होते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांस त्याद्वारे मनाई आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महत्त्वाचे असे की, कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेली आणि नसलेली, दोन्ही साधने येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेले उत्पादन तेवढे वगळलेले आहे. तेव्हा 'निकोटीन नाही, फक्त तुळस-ज्येष्ठमध आहे' हा बचाव पुरेसा नाही. शिवाय औषधी मुखाने सुरक्षित असली म्हणजे तापवून फुप्फुसात सोडण्यास सुरक्षित ठरते, असे नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वाफेच्या साधनांमुळे फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ मृत्यू निश्चित झाले. त्या साथीशी घट्ट संबंध आढळला तो गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटचा. ई जीवनसत्त्व पोटात पोषक, तर हे संयुग फुप्फुसात घातक. मार्गभेदाने द्रव्याचे कर्म बदलते, हे आपणांस कोणी नव्याने शिकवावयास नको.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे

इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये वाफेची साधने जळत्या सिगारेटपेक्षा पुष्कळच कमी हानिकारक असल्याचे मत दिले होते. सिगारेट सोडविण्यासाठी निकोटीनयुक्त वाफ निकोटीनच्या च्युइंगगम वा पट्टीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असा निष्कर्ष कॉक्रेन समीक्षेतही आहे. हे नाकारण्याचे कारण नाही. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा मनुष्य धूर पूर्णत: सोडून वाफेवर गेला, तर त्याच्या शरीरात जाणारी ज्वलनजन्य विषे घटतील.

परंतु हा युक्तिवाद धूर सोडणाऱ्यासाठी आहे. आमच्या भागातील मुख्य व्यसन धूररहित आहे. खर्रा खाणाऱ्याच्या हाती वाफ दिली, तर त्याच्या गालातील सुपारी सुटत नाही. सुपारी हा तंबाखूहून स्वतंत्र असा कर्करोगकारक पदार्थ आहे. मुखाचा ताठरपणा, तोंड दोन बोटेही न उघडणे, तिखट न सोसणे, या लक्षणांवर वाफेचा काहीही उपकार नाही. आणि ज्याने कधी विडीच ओढली नाही अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलाला तर या युक्तिवादाचा आधार मुळीच नाही. तो हानी कमी करीत नसून तिचा प्रारंभ करीत असतो. धूमपान न करणाऱ्यांनी वाफ घेऊ नये, हे वाफेचे समर्थक तज्ज्ञही सांगतात. ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो, तेथेही वापरून फेकावयाच्या नळ्यांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली आहे.

आपण काय करावे

प्रथम, रुग्णपत्रिकेत साधनाचा इतिहास लिहावा. सुरुवात कोणत्या वयात व कशाने, आज काय, बदल का केला, सकाळी उठल्यापासून पहिले सेवन किती वेळाने, आणि साधन विकत मिळते की घरी तयार होते. या पाच उत्तरांत रुग्ण कोणत्या पायरीवर आहे ते दिसते. चवीच्या पायरीवरील मुलाला समुपदेशन बहुधा पुरते. घरी डबी ठेवणाऱ्याला ते पुरणार नाही.

दुसरे, पादांशिक क्रमाचा उपयोग जाणीवपूर्वक करावा. नवेगान्धारणीय अध्यायात अहिताचा चतुर्थांश कमी करून तेवढेच हित त्या जागी आणावयाचे आणि मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर वाढवीत जावयाचे, असा क्रम आहे. मात्र हा चतुर्थांश कशाचा, हे आधी ठरवावे. वाफ घेणाऱ्याने द्रवाची तीव्रता घटविली आणि साधन मोठे केले, तर काहीच घटत नाही. म्हणून साधन बदलू न देता दिवसभराच्या एकूण द्रवाचा हिशेब करावा. खर्रा-सेवकाने पुड्या कमी केल्या आणि गोळी दुप्पट वेळ धरली, तरीही तेच. म्हणून पुडी व धरण्याचा काळ दोन्ही लिहून घ्यावे. रिकाम्या झालेल्या जागी लवंग, बडीशेप, वेलदोडा यांसारखे हित द्यावे. येथे एक स्पष्ट मत नोंदवितो. आपल्या ग्रंथांत मुखशुद्धीच्या द्रव्यांत पूग, म्हणजे सुपारी, आलेली असली, तरी आजच्या ज्ञानानुसार कोणत्याही वैद्याने ती सुचवू नये. शास्त्रावरील निष्ठा आणि रुग्णाचे हित यांत येथे विरोध मानण्याचे कारण नाही. पूर्वाचार्य आज असते, तर विदर्भातील रुग्णांची मुखे पाहून त्यांनीही ते द्रव्य वगळले असते.

तिसरे, पांढरा चट्टा, न भरणारा व्रण किंवा तोंड कमी उघडणे दिसताच दंतवैद्यक वा कर्करोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. तीव्र अवलंबित्व असल्यास निकोटीनच्या नियंत्रित मात्रेची आधुनिक चिकित्सा आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ यांची माहिती द्यावी. यात कमीपणा मानू नये.

चौथे, वनौषधी सिगारेट वा वनौषधी वाफेच्या नळीला आपल्या नावाचा, पदवीचा अथवा चिकित्सालयाच्या फलकाचा आधार देऊ नये. धूमपान ही आपली चिकित्सा आहे. ती योग्य रुग्णास, योग्य काळी, योग्य नेत्राने द्यावयाची आहे. ती खिशात घालून हिंडण्याची वस्तू झाली की चिकित्सा राहत नाही. संघटनेने या विषयावर निश्चित भूमिका घेऊन ती सभासदांना लेखी कळवावी, अशी आमची सूचना आहे.

तंबाखूचे साधन यापुढेही बदलत राहील. पन्नी जाईल, नळी जाईल, ओठाखाली ठेवावयाची पुरचुंडी येईल, तिच्यानंतर आणखी काही येईल. प्रत्येक नव्या साधनाचे नाव पाठ करणे आपणांस जमणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. मात्रा, काळ आणि अभ्यास या तीन कसोट्या आपल्या हाती आहेत. समोरच्या रुग्णाचे साधन कोणतेही असो, या तीन कसोट्यांवर ते घासून पाहावे आणि जे दिसेल ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढी विनंती करून हे विवेचन पूर्ण करतो.